अंगठा नसलेली झाकणं

तोंड न धुता कारखान्यात पाऊल टाकायची बाईंची रीत नव्हती, पण त्या सकाळी त्या तशाच आल्या. घर आणि कारखाना यांच्यामध्ये एकच दार. ते ढकललं की समोर साचे. चोवीस लोखंडी साचे, चार रांगांत सहा-सहा, आणि प्रत्येकात आदल्या दुपारी भरलेलं गटाराचं झाकण. बाईंनी पहिल्यावरचं ओलं पोतं बाजूला केलं, वाकल्या, आणि उजव्या अंगठ्याचं नख काँक्रीटवर टेकवून दाबलं.

नख आत गेलं. साबणाच्या वडीत जावं तसं.

दुसऱ्यात गेलं, तिसऱ्यातही गेलं. सहाव्यापर्यंत त्यांनी दम धरला, मग कंबर धरून उभ्या राहिल्या. एकतीस वर्षं त्या असंच नख लावत होत्या. रात्र उलटली की नख घसरलं पाहिजे, साधा ओरखडा उठता कामा नये. मग साचे खोलायचे आणि पुढचा घाणा भरायचा. हीच त्यांची शाळा. खऱ्या शाळेत त्या दोन वर्षं गेल्या होत्या आणि तिथलं त्यांच्यापाशी फारसं काही उरलं नव्हतं.

मागून रबरी नळी ओढत टपाल आला. त्याला सगळे टपालच म्हणत, कारण तो एके काळी घरोघरी पत्रं वाटायचा. आता कारखान्यातल्या मालावर पाणी मारायचा. डावा पाय गुडघ्यापासून वाकडा, त्यामुळे चालताना तो दर पावलाला कुणाला तरी नमस्कार करतोय असं वाटे.

"गेलं का आत?" त्यानं विचारलं.

"लोण्यात गेलं असतं तर एवढं वाईट वाटलं नसतं," बाई म्हणाल्या.

आता नख आत का गेलं ते सांगते. त्या चोवीस झाकणांत सिमेंट निम्मंच होतं. उरलेलं निम्मं म्हणजे पोलादाच्या कारखान्यातून आणलेली पांढुरकी पूड. भट्टीत लोखंड वितळलं की वर जी मळी तरंगते, तिला स्लॅग म्हणतात. ती पाण्यात थंड करून, दळून, पोत्यांत भरून देतात. आजवर जी टेकाडं करून टाकून देत होते, ती आता काँक्रीटमध्ये घालायची, असं सूनबाईचं म्हणणं. लग्नाआधी ती काँक्रीटची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. घरात आल्यापासून दीड वर्षं कारखान्याबद्दल तोंडातून शब्द काढला नाही, आणि काढला तो हा.

बाईंनी ऐकून घेतलं होतं आणि विचारलं होतं की दुसऱ्याच्या चुलीतला केर आपल्या पिठात कालवायचा, एवढे वाईट दिवस आलेत का आपल्यावर. मुलाला त्याच क्षणी ट्रकच्या चाकांतली हवा तपासायची आठवण झाली. घरात दोघींचा आवाज चढला की त्या ट्रकच्या चाकांची जेवढी निगा राखली जायची, तेवढी कुठल्याच ट्रकची राखली जात नसेल.

सूनबाई वाद घालत बसली नाही. चार दिवसांनी तिनं नवऱ्याला पाठवून इस्पितळासमोरच्या गटारावरचं एक जुनं झाकण उचलून आणवलं. तिथली सगळीच बदलायची होती, चोवीस नव्या झाकणांचं काम बाईंकडेच आलं होतं. झाकण सरळ ठेवलं तेव्हा बाईंना बरं वाटलं. वरून कालच केल्यासारखं, आणि कोपऱ्यात त्यांचा अंगठा, रेघ न रेघ शाबूत.

हा अंगठा म्हणजे बाईंची सही. लग्नानंतर कुठल्याशा कागदावर अंगठा उठवायची वेळ आली तेव्हा कारकून शेजारच्याकडे बघून हसला होता. त्याच आठवड्यात बाईंनी नवऱ्याच्या हातचं पहिलं झाकण ओलं असताना त्याच्या कोपऱ्यात अंगठा दाबला, आणि आता गावभर हसा म्हणाल्या. गाव हसलं नाही. नवरा गेला, कारखाना बाईंच्या हाती आला, आणि हळूहळू लोक झाकण घेताना आधी कोपरा बघायला लागले.

मग सूनबाईनं ते झाकण उलटं केलं. खालची बाजू वाळवीनं खाल्लेल्या दारासारखी झाली होती. हात फिरवला की वाळू गळत होती, आतल्या सळया बाहेर येऊन गंजल्या होत्या.

गटारातल्या घाणीची वाफ वर येते आणि झाकणाच्या पोटाला लागते, सूनबाई म्हणाली. सिमेंटच्या अंगात बारीक भोकं असतात, त्यातून ती आत शिरून खात जाते. स्लॅगनं ती भोकं बुजतात. सिमेंट वाढवून हे थांबत नाही.

हे शेवटचं वाक्य तिनं सहज टाकलं, पण बाईंच्या छातीत ते फाळासारखं बसलं. कारण बाईंनी सिमेंट वाढवलं होतं. वीस वर्षांपूर्वी त्यांचंच एक झाकण एका पोस्टमनच्या पायाखाली मोडलं आणि तो कमरेपर्यंत गटारात गेला. त्या दिवसापासून दर घाण्यात एक घमेलं सिमेंट जास्त पडत होतं. पोस्टमनची नोकरी गेली तेव्हा बाईंनी त्याला घरी बोलावून हातात नळी दिली. माफी मागायला त्यांची जीभ वळली नाही, तेव्हा घमेलं आणि नळी यांच्यावरच भागलं. टपाल तेव्हापासून सांगत फिरायचा की बाईंच्या झाकणानं माझी फिरती बंद करून मला बैठं काम दिलं. पण रस्त्यात गटाराचं झाकण आलं की तो वळसा घालून जायचा, दुसऱ्या बाजूनं गाडी येत असली तरी. बाईंनी हे पाहिलं होतं. बोलल्या कधी नव्हत्या.

तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या की कर तुला काय करायचं ते, साचे तुझे, पण माझा अंगठा लागणार नाही. आणि लावला नाही. चोवीस झाकणांचे चोवीस कोपरे कोरे राहिले.

आता नख आत गेलेलं बघून त्या तरातरा घरात आल्या. सूनबाई चहा गाळत होती. ती म्हणाली की तीन दिवस साचे खोलायचेच नाहीत, हे आधीच ठरलं होतं. स्लॅगवालं काँक्रीट सावकाश उठतं.

"मीसुद्धा सावकाशच उठते हल्ली," बाई म्हणाल्या. "पण उठल्यावर मला उभं राहता येतं."

पुढचे तीन दिवस बाईंच्या पायाला भिंगरी होती. साचे अडकलेले, त्यामुळे दुसरं काम नाही. नुसतं बसायचं त्यांच्या हाडात नव्हतं. सकाळी नख, चहानंतर नख, जेवण झाल्यावर मधलं बोट वाकवून टकटक. टपालनं सांगून पाहिलं की अशानं झाकणाआधी बाईंचं नख झिजेल. साचे खोलले तेव्हा एकाचीही कड तुटली नाही. बाईंना हायसं वाटायला हवं होतं. उलट राग आला.

सातव्या दिवशी सूनबाई चाचणीचे ठोकळे घेऊन प्रयोगशाळेत गेली. त्याच काँक्रीटचे विटेएवढे चौकोनी ठोकळे ती भरून ठेवायची, आणि ते यंत्रात दाबून फोडले की ताकद किती आली ते कळतं. परत आल्यावर तिनं खरं तेच सांगितलं. हवी तेवढी ताकद येते अठ्ठाविसाव्या दिवशी, आज निम्मी आली आहे, स्लॅगचं असंच असतं. ती हे आनंदानं सांगत होती. बाईंनी त्यातला "निम्मी" हा एकच शब्द उचलला आणि दोन दिवस तो तोंडात घोळवला.

नवव्या दिवशी दुपारी सूनबाई बाजारात गेलेली होती. बाईंनी भिंतीला टेकवलेला घण उचलला, शेवटच्या रांगेतलं एक झाकण निवडलं आणि कोपऱ्यावर घाव घातला. टपाल नळी सोडून लंगडत येईपर्यंत तिसरा घाव पडला होता आणि कोपरा वेगळा झाला होता.

दोघं वाकून बघत राहिले. तुटलेली बाजू आतून हिरवी होती. साधी नाही, निळसर हिरवी, शेवाळलेल्या हौदाच्या तळासारखी. वरून राखाडी, आणि आत हे.

"नासलंय," बाई म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "आतून नासलंय, टपाल. आणि हे मी इस्पितळासमोर टाकायला निघाले होते."

टपालनं आपला वाकडा गुडघा चोळला. नेमकं तेच बाईंना बघवलं नाही. त्यांनी तो तुकडा फडक्यात घट्ट गुंडाळला आणि घरात नेऊन कपाटात ठेवला.

संध्याकाळी सूनबाईला सांगितलं तेव्हा ती घाबरली नाही, हसली, आणि तिथंच चुकली. हसत हसत म्हणाली की आई, स्लॅगचा रंगच तो. आत हवा लागत नाही तोवर हिरवं दिसतं, हवा लागली की जातं. बाईंना हसणं तेवढं दिसलं, तो जुना कारकून हसला होता तसं. त्या म्हणाल्या की साहेब येईल त्या दिवशी हा तुकडा त्याच्यासमोर उघडीन. साहेब म्हणजे इस्पितळाच्या रस्त्याचं काम बघणारा. तो अठ्ठाविसाव्या दिवशी माल तपासायला येणार होता. तुकडा हिरवा निघाला तर सगळा माल फोडून खड्ड्यात, आणि ती पूड या फाटकातून पुन्हा आत येणार नाही.

"आणि नाही निघाला तर?" सूनबाईनं विचारलं. आता ती हसत नव्हती.

"तर मी चूक."

हा शब्द त्या घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला. मुलगा दारात उभा होता, तोसुद्धा चाकांकडे जायचं विसरला.

पुरावा कपाटात होता, पण बाईंना चैन कुठली. तो आहे ना जागेवर, हिरवा आहे ना अजून, म्हणून त्या फडकं सोडायच्या. दिवसातून दहा वेळा. घरात उजेड कमी म्हणून अंगणात न्यायच्या, उन्हात धरायच्या, उलटसुलट करायच्या, फुंकर मारून धूळ उडवायच्या. बाराव्या दिवशी त्यांना वाटलं, रंग जरा उतरलाय. मग डोळ्यांना दोष दिला, चष्मा पुसला. पंधराव्या दिवशी टपालला दाखवून विचारलं, हिरवाच आहे ना. टपाल म्हणाला, बाई, मला तर चहाच्या रंगाचापण भरवसा नाही. अठराव्या दिवशी कडा राखाडी झाल्या होत्या आणि मधे फक्त पुसट डाग उरला होता, जुन्या भांड्याच्या तळाशी राहतो तसा. आणि जितका रंग जात होता तितक्या त्या जास्त वेळा बघत होत्या. जितक्या जास्त वेळा बघत होत्या तितकी त्याला हवा लागत होती.

हे त्यांच्या लक्षात आलं एकविसाव्या दिवशी. हातात तुकडा, समोर उघडं फडकं. सून सांगत होती, हवा लागली की जातं. बारा दिवस हवा घालणारी मीच. बाई पायरीवर बसल्या. चिडायला कुणी समोर नव्हतं, म्हणून त्यांनी पोत्यांवर पाणी कमी पडतंय असं टपालला ओरडून सांगितलं. टपालनं निमूटपणे नळी आणखी सोडली. खरं तर त्यानं एकही दिवस चुकवला नव्हता. दिवसातून चार वेळा तो त्या चोवीसांवर पाणी मारत होता, फुटलेल्यावरसुद्धा. कारण विचारलं तर म्हणाला असता, सवय.

साहेब आला तेव्हा सूनबाई नुकतीच प्रयोगशाळेतून परतली होती. तिनं कागद पुढे केला. साहेबानं वाचला, मान हलवली, म्हणाला ताकद हवी त्यापेक्षा थोडी जास्तच आलीय, माल उचलू का. सूनबाईनं सासूकडे बघितलं. फडक्याची आठवण तिनं करून दिली नाही. हे बाईंच्या लक्षात आलं, आणि त्यांना वाटलं हिनं करून दिली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

त्यांनी स्वतःच फडकं आणलं आणि साहेबासमोर सोडलं. राखाडी तुकडा. कुठल्याही काँक्रीटचा असतो तसा.

"हे काय?" साहेबानं विचारलं.

"माझी चूक," बाई म्हणाल्या, आणि घण उचलला.

पहिल्या रांगेतल्या झाकणाच्या कोपऱ्यावर त्यांनी घाव घातला. नवव्या दिवशी घण आत बसला होता. आज तो उलटा उसळला आणि मनगटापासून खांद्यापर्यंत मुंग्या आल्या. दुसरा, तिसरा. साहेब दोन पावलं मागे सरला. सातव्या घावाला मुलगा पुढे झाला, त्याला त्यांनी कोपरानं ढकललं. अकराव्याला शर्टाच्या बटणाएवढी टिकली उडाली. बस. त्या धापा टाकत थांबल्या. मग मुलाला म्हणाल्या, खडीचा ट्रक आण, भरलेला, आणि घाल यावरून. त्यानं पुढचं चाक घातलं, मागचं घातलं, मागे घेतला, पुन्हा घातला. झाकणानं हूं की चूं केलं नाही.

"मग उचलू?" साहेब म्हणाला.

बाईंनी आपल्या अंगठ्याकडे बघितलं. माल पास झाला होता आणि त्यांच्या अंगठ्याशिवाय एकही झाकण आजवर फाटकाबाहेर गेलेलं नव्हतं. अंगठा ओल्यात लागतो. ज्या दिवशी लावता आला असता त्या दिवशी त्यांनी हात मागे घेतला होता, आणि आता घण बसत नव्हता तिथं अंगठा काय बसणार. साहेबाला घाई होती. इस्पितळाच्या दारात गटार उघडं पडलं होतं, लोक फळीवरून जात होते. सूनबाईचा चेहरा उतरला. तिला वाटलं, आई आता म्हणणार, नवीन घाणा घाला.

"उचला," बाई म्हणाल्या. "पण मी येणार."

ट्रकमध्ये मुलाच्या शेजारी बाई, मागे तेवीस झाकणांबरोबर सूनबाई आणि टपाल. इस्पितळासमोर कामगारांनी पहिलं झाकण बसवलं, आणि बाईंनी चपला काढून त्यावर दोन्ही पाय ठेवले. उभ्या राहिल्या. चांगल्या शंभर आकडे मोजता येतील एवढा वेळ. मग दुसऱ्यावर. कामगार एकमेकांकडे बघायला लागले. साहेबानं विचारलं की हे तपासणीत लिहिलेलं आहे का.

"अंगठा लागला नाही यांना," बाई म्हणाल्या. "तेव्हा अख्खी बाई लागू दे."

बारा झाकणांनंतर पाय दुखायला लागले, पण त्या थांबल्या नाहीत. तेविसावं बसलं, त्यावर उभ्या राहून झालं, आणि त्यांनी मागे वळून बघितलं. टपाल रस्त्याच्या पलीकडे उभा होता, गटारापासून चार हात लांब.

"काय रे," त्या म्हणाल्या, "एवढं पाणी पाजलंस यांना. ओळख नाही देणार?"

टपालनं आधी उजवा पाय ठेवला. मग बराच वेळ काही झालं नाही. मग वाकडा पायही आला. तो दोन्ही पायांवर उभा राहिला, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाला, इथनं इस्पितळ जवळ आहे, ही एक सोय चांगली. उतरताना मात्र तो वळसा न घालता सरळ पुढच्या झाकणावरून गेला.

चोविसावी जागा रिकामी राहिली, बाईंच्या घणामुळे. तिच्यावर फळी टाकली.

दुसऱ्या दिवशी सूनबाईनं घाणा कालवायला घेतला. निम्मं सिमेंट, निम्मी पूड, मोजून. मिक्सर फिरायला लागला, आणि टपालनं वीस वर्षांच्या सवयीनं सिमेंटचं घमेलं भरून हातात धरलं.

"बाई, एक जास्तीचं टाकू?"

बाईंनी त्याच्या गुडघ्याकडे बघितलं, मग मिक्सरकडे.

"नको," त्या म्हणाल्या. "त्यानं काही होत नव्हतं."

"मला माहीत होतं," टपाल म्हणाला आणि घमेलं पोत्यात रिकामं केलं. "ते पोट खाल्लेलं मी आतून बघितलंय. कमरेपर्यंत होतो ना मी तिथं."

"मग वीस वर्षं बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठं."

बाईंनी थापी उचलली. साचा भरला, पृष्ठभाग थापीनं सारखा केला, आणि त्या गुडघ्यांवर बसल्या. कोपऱ्यात अंगठा दाबला. ओलं काँक्रीट थंड होतं. हात काढताना त्या सुनेला म्हणाल्या की इस्पितळासमोरचं एक झाकण दर महिन्याला उलटं करून मला दाखवायचं, पोट खाल्लंय की नाही ते. सून म्हणाली, खायचं तर वर्षं लागतील. बाई म्हणाल्या, लागू दे, मला कुठं जायचंय.

तीन दिवस साचा खोलायचा नव्हता. दुसऱ्या सकाळी तोंड न धुताच बाई दार ढकलून आत आल्या, पोतं बाजूला केलं आणि वाकल्या.

"बाई," नळीजवळून टपालचा आवाज आला. "नख."

त्यांनी हात पाठीमागे नेला आणि तिथंच उभ्या राहिल्या.